अठ्ठावीस दिवस पुरले नाहीत

पीएचडीला माझा विषय होता, निम्मं सिमेंट काढून त्या जागी फ्लाय अॅश, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख, घातलेलं काँक्रीट. सिमेंटसाठी चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजतात, तेव्हा इंधनाचा धूर वेगळाच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७-८ टक्के. राख मात्र आमच्या नाशिकला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पडून होती. बाजारातल्या पीपीसीत, म्हणजे राख मिसळलेल्या तयार सिमेंटमध्ये, ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते, मला ५० टक्के घालून बघायचं होतं.

दिवसभर लेक्चर, चारनंतर लॅब. पहिल्याच खेपेला चाचणीच्या काँक्रीट ठोकळ्यांवर, म्हणजे क्यूबवर, मार्करने घातलेले नंबर क्युरिंगच्या पाण्याच्या टाकीत धुऊन गेले. अठरा क्यूब, कुठला कोणत्या मिक्सचा काही कळेना. सगळे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून लॅबमधले मामा प्रत्येक क्यूबवर ऑइलपेंटने नंबर घालून देत.

दुसऱ्या खेपेला २८ दिवसांनी क्यूब फोडले. एम-३० साठी केलेलं मिक्स, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद हवी; सरासरी आली २७. प्रगती अहवालाच्या बैठकीत एकाने विचारलं, "याला स्ट्रक्चरल काँक्रीट कसं म्हणायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन रडले. गाइड सर एवढंच म्हणाले, "राख सावकाश काम करते. नव्वद दिवसांचे क्यूब आहेत ना टाकीत?"

होते. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेत चुना सुटतो, राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू जुळते आणि सिमेंटपासून होतो तसाच चिकट जेल तयार होतो. हे पुस्तकात दहादा वाचलं होतं, तरी ते दोन महिने फार जड गेले.

नव्वदाव्या दिवशी आठ किलोचा ओला क्यूब पुसून मशीनमध्ये ठेवला. ६०० किलोन्यूटन गेलं. ७०० गेलं. मामा काटा सोडून माझ्याकडे बघत होते. ८५५ ला तडा गेला, म्हणजे चौरस मिलिमीटरला ३८ न्यूटन.

व्हायवात प्रश्न आलाच: साइटवर नव्वद दिवस कोण थांबणार? स्लॅबला कोणीच नाही, तिथे हे मिक्स मी सुचवणार नाही. पण राफ्ट फाउंडेशनवर, म्हणजे इमारतीखालच्या सलग जाड पायावर, पूर्ण भार यायला इमारत उभी राहावी लागते, आणि जाड राफ्टमध्ये राखेमुळे तडे पाडणारी उष्णताही कमी निर्माण होते. तिथे हे वापरायलाच हवं, असं मी ठामपणे सांगितलं आणि आजही सांगते.

प्रबंध मंजूर झाला. तीन क्यूब अजून टाकीत आहेत, एका वर्षाच्या चाचणीचे. फेब्रुवारीत फोडायचे आहेत.