दुखत नाही, मग हात गळ्यात का?

“निखळलेला खांदा बसवला की झाले, मग शस्त्रक्रिया कशाला, आणि दुखत नसताना हात गळ्यात कशाला?” रावेरकडच्या आमच्या गावात हा प्रश्न मला कबड्डीच्या मैदानावर आणि केळीच्या बागेतही विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा खांदा निखळला तो चढाईत. पकड बसल्यावर उजवा हात मध्यरेषेकडे लांबवून मी झेपावलो आणि बचावपटूंनी कमरेला धरून मागे ओढले. खांदा बसवला गेला, तीन आठवड्यांत दुखणे थांबले आणि मी पुन्हा खेळू लागलो. दुसऱ्या वेळी घडाच्या भाराने कललेल्या केळीला आधाराची दोरी बांधण्यासाठी हात डोक्यावर नेला, एवढेच निमित्त पुरले.

खांद्याची खोबणी उथळ असते; तिच्यात दंडाच्या हाडाचा गोळा बशीतल्या लिंबासारखा असतो. तो घसरू नये म्हणून खोबणीभोवती लॅब्रम नावाची कड असते. माझी ती पुढच्या बाजूने हाडापासून सुटली होती. साध्या एक्स-रेत ही कड दिसत नाही, त्यामुळे हाड जागेवर बसले एवढे पाहून मला घरी पाठवण्यात आले. तरुण खेळाडूचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, हे तेव्हाच कोणी सांगायला हवे होते. एमआरआय झाला तो दुसऱ्या वेळी. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून, हाडात तीन अँकर, म्हणजे टाके अडकवायच्या बारीक खुंट्या, बसवून, ती कड टाक्यांनी हाडाशी बांधण्यात आली.

टाके कड नुसती धरून ठेवतात. ती हाडाला पुन्हा जुळून यायला मात्र सुमारे तीन महिने लागतात. माझे दुखणे तर चौथ्या आठवड्यातच गेले होते, आणि हात गळ्यात अडकवायचा पट्टा होता सहा आठवड्यांचा. मे महिना, पारा ४४ अंशांवर, पट्ट्याखाली काखेत घामोळे. सगळे घर रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जाई आणि मी, एका हाताने शिडी चढायची नाही म्हणून, खाली तीन उशांना टेकून अर्धवट बसल्या बसल्या झोपत असे. कळण्याची भाकरी आई मोडून ताटात ठेवी, तरी डाव्या हाताने भरीत खाताना निम्मे सदऱ्यावर सांडे. एका संध्याकाळी मी वैतागून पट्टा काढला आणि फळीवरच्या डब्याकडे हात नेला, आई चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, “हात खाली घे!” हात थोडाही दुखला नव्हता, म्हणूनच तो इतका वर गेला होता.

पुढचे महिने फिजिओथेरपीचे. ओट्यावर डावा हात टेकून, वाकून, उजवा हात लोलकासारखा हलू द्यायचा. नंतर काठी दोन्ही हातांत धरून तो हळूहळू बाहेर वळवायचा. ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांनंतर. सातव्या महिन्यात मी चढाईला उतरलो. उजवा हात बाहेरच्या बाजूला डाव्याइतका अजूनही वळत नाही, आणि केळीला दोरी मी आता स्टुलावर चढून बांधतो.