सतरा मिनिटं

बुधवारी सकाळी आठच्या आतच मालकांचा फोन आला. "पेनड्राइव्ह घेऊन या. बाईनं सहा हजार उचललेत, कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. फुटेज काढून द्या, पोलिसांत देतो."

कराडजवळ पुणे-बेंगळुरू हायवेला लागून त्यांचा पेट्रोल पंप आहे. तिथले आठ कॅमेरे मीच सप्टेंबर २०२३ मध्ये बसवले. त्यानंतर देखभालीचा करार करा म्हणून दोनदा सांगितलं, पण "बिघडलं की बोलावू" यावर विषय थांबला. बहुतेक गिऱ्हाइकं हेच म्हणतात. चित्र दिसतंय म्हणजे सगळं चालू आहे, असं त्यांना वाटतं.

ऑफिसात पोहोचलो तेव्हा ती ताई दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. युनिफॉर्म अंगावर होता, गळ्यातली पैशाची बॅग मात्र टेबलावर काढून ठेवलेली. तीन वर्षांपासून ती या पंपावर आहे. मी आत येताना तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "दादा, जरा मागंपुढं जाऊन बघा ना. ट्रक आला होता." मालक म्हणाले, "मी बघितलंय. ट्रकच नाही तिथं."

मामला असा होता. आदल्या रात्री शिफ्टच्या हिशोबात सहा हजार शॉर्ट आले. पंपावर कुठल्या नोझलमधून किती वाजता किती डिझेल गेलं, याची नोंद ऑटोमेशनमध्ये आपोआप होते. त्यात तिच्या नोझलवर रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी सहा हजारांचं डिझेल दिसत होतं. ती म्हणत होती, ट्रकवाल्यानं मोबाइलवर पैसे गेल्याचं दाखवलं आणि निघून गेला. मालकांनी कॅमेऱ्यात ९:४२ लावलं, तर मशीनसमोर गाडीच नाही. उलट त्याच मिनिटाला दुसऱ्या एका बाईकडून पाचशेच्या नोटा घेऊन ही स्वतःच्या पर्समध्ये ठेवताना दिसते. मालकांच्या जागी मी असतो तर माझाही विश्वास बसला असता.

कुणाचंही फुटेज काढायला गेलो की मी माऊसला हात लावण्याआधी एक गोष्ट करतो. मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या वेळेशेजारी माझा मोबाइल धरतो आणि दोन्ही वेळा एका फोटोत घेतो. ही सवय मला एका जुन्या हवालदारसाहेबांनी लावली. पंचनाम्यात डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहायला हवा, हे मला त्यांच्याकडून कळलं. बाकीची पोरं हे करत नाहीत, फुटेज काढतात आणि पाचशे रुपये घेऊन जातात. याची मला मनापासून चीड आहे.

त्या दिवशी मोबाइलवर ९:०३ झाले होते आणि मॉनिटरवर ८:४६.

सतरा मिनिटं मागं! मी ऑटोमेशनची वेळ मोबाइलशी ताडून पाहिली. ती बरोबर होती. म्हणजे ९:४२ चं डिझेल डीव्हीआरमध्ये ९:२५ ला शोधायला हवं होतं, आणि मालकांनी जे ९:४२ पाहिलं ते खरं तर रात्रीचं ९:५९ होतं. दहाला शिफ्ट बदलते.

९:२५ लावलं. पाऊस पडत होता, कॅनॉपीखाली पाणी चमकत होतं. ट्रक तिच्या मशीनला लागलेला. ड्रायव्हर खाली उतरतो, डिझेल भरून होतं, ताई हात पुढं करते. तो मोबाइलची स्क्रीन तिच्या तोंडापुढं धरतो. ती वाकून बघते, मग मान वळवून मागच्या बाजूला बघते, जिथं पैसे आल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स ठेवलेला असतो. मागं दोन मोटरसायकली हॉर्न देत असाव्यात, कारण ती त्यांना हातानं थांबा म्हणते. तेवढ्यात ट्रक हलतो. ती चार पावलं त्याच्यामागं जाते, हात वर करते, आणि थांबते. डिझेल भरून झाल्यापासून सगळं मिळून पन्नास सेकंद.

साउंडबॉक्स संध्याकाळपासून चार्जिंगला आत लावला होता, हे मग कुणीतरी सांगितलं. तो बाहेर असता तर पैसे आले नाहीत हे तिला तिथंच कळलं असतं. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीन दाखवणारी ॲप्स मिळतात. पंपावरच्या पोरांना हे माहीत असतं, पण पावसात, रांग लागलेली असताना मोबाइलवरची हिरवी खूण बघून माणूस फसतो.

पर्समधल्या नोटांचं काय? ती भिशी होती. रात्रपाळीला आलेल्या बाईनं महिन्याचे तीन हजार तिला दिले. पंपावरच्या नऊ जणांची भिशी ही ताईच सांभाळते. पंपावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, फक्त ऑफिसात ठाऊक नव्हतं, आणि सकाळपासून कुणी तोंड उघडलं नव्हतं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. मालकाच्या टेबलावर ठाम दिसणारं चित्र असलं की खालच्या माणसाचा आवाज निघत नाही.

मालक बराच वेळ गप्प होते. मग ताईला म्हणाले, "जा, जेवून घे आणि ड्युटीला ये." याहून जास्त काही बोलले नाहीत.

घड्याळ का चुकलं, ते सांगतो, कारण त्यात माझा हात आहे. डीव्हीआरच्या आत एक छोटं घड्याळ असतं आणि लाइट गेली तरी ते चालू राहावं म्हणून सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. सेल ठीक होता. पण हे घड्याळ रोज थोडं सरकतं. इथलं दिवसाला साधारण दीड सेकंद मागं पडत होतं, आणि बावीस महिन्यांत त्याची सतरा मिनिटं झाली. डीव्हीआरला इंटरनेट दिलं की तो सर्व्हरवरून वेळ आपोआप जुळवून घेतो. पण मालकांना इंटरनेट नको होतं, कुणी बाहेरून बघेल ही भीती. मी वाद घातला नाही. तेव्हाच "दर महिन्याला वेळ तपासा" एवढं तरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. दिलं नाही.

ट्रकचा नंबर काही मिळाला नाही. याचं दुःख मला जास्त आहे, कारण हे निव्वळ मांडणीतलं अपयश. कॅमेरे बसवताना मालकांनी सांगितलं होतं की, प्रत्येक मशीनवरच्या पोरांचे हात दिसले पाहिजेत. म्हणून चार कॅमेरे मशीनवर, दोन ऑफिसात, एक टाकीच्या बाजूला, आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर उरलेला एकच, तोही २.८ एमएमचा. ही लेन्स सगळं आवार दाखवते, पण त्यात गाडीचा नंबर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा पट्टा. रात्री त्यावर कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड प्रकाश पडतो, आणि नवीन नंबरप्लेट प्रकाश उलटा फेकणारी असल्यामुळे सगळी पांढरीफटक दिसते. नंबर हवा असेल तर त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो. लांबची लेन्स, एकाच लेनवर रोखलेली, शटर सेकंदाच्या १/५०० किंवा त्याहून वेगवान. मग बाकीचं चित्र काळोखं होतं, पण आकडे वाचता येतात. आठ कॅमेऱ्यांतले सहा आपल्याच माणसांवर होते. रात्री एकट्या बाईला फसवून जाणाऱ्यावर धड एकही नव्हता.

त्या आठवड्यात मी तो कॅमेरा बदलला. लेन्सचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही.

तक्रार द्यायची ठरली, तेव्हा मालकांना वाटलं पेनड्राइव्ह नेऊन दिला की झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे कॉपीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, भाग अ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणित करून काढलेला तिचा खुणेचा आकडाही लिहायचा असतो, म्हणजे फाइलमध्ये नंतर काही बदललं तर लगेच कळतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा तिथं वादाचा मुद्दा होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, मूळ यंत्र न आणता कॉपी दिली तर प्रमाणपत्र लागणारच. घड्याळाचा काटा तीनच्या अलीकडं की पलीकडं, यावर तिथं आमदारकी अडली होती. इथं एका बाईची नोकरी.

घड्याळ जुळवल्यावर आठ दिवसांनी मी मुद्दाम वेळ तपासायला गेलो. ताई ड्युटीवर यायच्या बेतात होती. मी मॉनिटरजवळ पोहोचायच्या आधी तीच तिथं उभी होती, हातात स्वतःचा मोबाइल धरून. "बारा सेकंद मागं आहे, दादा," ती म्हणाली. मी बघितलं. बाराच होती.

मी वेळ सेट केली, डीव्हीआरवर चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहिली. ती तिथंच थांबली होती. मग हळू आवाजात म्हणाली, "गेल्या दिवाळीत त्या पोराला काढलं ना, ते पण कॅमेऱ्यात बघूनच."

मला त्या पोराचं काहीच माहीत नव्हतं. फुटेज मालकांनी स्वतः पाहिलं होतं, मला बोलावलं नव्हतं. घरी येऊन मी हिशोब केला. सप्टेंबर २०२३ ते दिवाळी २०२४, चौदा महिने, दिवसाला दीड सेकंद. तेव्हा घड्याळ साडेदहा मिनिटांच्या आसपास मागं असणार. दोन टीबीच्या डिस्कवर आठ कॅमेऱ्यांचं साधारण तीन आठवडे राहतं, मग त्यावर नवीन चढतं. त्या दिवसाचं काहीच उरलेलं नाही. त्यानं खरंच पैसे घेतले असतील किंवा नसतील, आता कुणालाच सांगता येणार नाही. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "तो विषय संपलाय."

ताईकडून मी त्या पोराचा नंबर घेतलाय. तो आता उंब्रजला एका गॅरेजात काम करतो म्हणे. फोन लावून नेमकं काय सांगायचं, ते अजून ठरत नाही. तुझ्या वेळी घड्याळ चुकलेलं होतं, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो, आणि घड्याळ मी बसवलेलं होतं.

नंबर घेऊन नऊ दिवस झाले.