नाश्ता सोडा, नाला गाठा: जुलैतला मनाली–काझा रस्ता

मनालीतल्या हॉटेलांवर माझा एक जुना राग आहे. नाश्ता आठच्या आत मिळत नाही. पैसे भरलेत म्हणून माणसं पराठ्यासाठी थांबतात, साडेनऊला गाडी हलते, अटल बोगद्याच्या तोंडाशी फोटो, सिस्सूला चहा, आणि स्पितीतल्या काझाच्या वाटेवर छतडू या थांब्याच्या पुढचे नाले लागतात ते नेमके भर दुपारी. वर आभाळ निळंशार, थेंबभर पाऊस नाही, आणि समोरून रस्त्यावर मांडीभर पाणी धो धो वाहतंय. मग सुरू होतं, "पाऊस नाही तर पाणी आलं कुठून?"

आलं ते उन्हातून: वरचं बर्फ वितळतं आणि तेच नाल्यात उतरतं. पीर पंजालची रांग पावसाळी ढगांना कुल्लूच्या बाजूलाच रिकामं करते. बोगद्याच्या अलीकडे देवदार, धुकं आणि सतत चालू वायपर, 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा संपला की उघडे तपकिरी डोंगर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जो फरक आहे तोच, फक्त मधली भिंत चार हजार मीटरच्या आसपासची. कोकसरपाशी रोहतांगच्या खिंडीतून थोडे ढग ओघळून येतात, दोन-चार सरी देतात आणि खाली उतरता उतरता विरतात. लाहौल-स्पितीचं खरं पाणी पडतं हिवाळ्यात, बर्फाच्या रूपाने, पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे. इथला वाटाणा आणि बटाटा जगतो तो वितळलेलं बर्फ कूल म्हणजे पाटातून शेतात आणून. तेव्हा लख्ख ऊन हे इथे चांगल्या हवेचं नव्हे, भरलेल्या नाल्याचं लक्षण.

त्याचं वेळापत्रक मात्र चोख असतं. रात्री वर गोठतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात कमी. बारा ते दोन वितळण्याचा जोर, ते पाणी रस्त्यापर्यंत उतरायला वेळ लागतो, म्हणून तीन ते सहा सगळ्यात वाईट. सकाळी सातला पोटरीपर्यंत असलेला नाला चार वाजता जीपच्या बंपरला लागतो. त्यामुळे मनाली पाचच्या आत सोडायची. पराठे आदल्या रात्रीच बांधून मागा. चिडचिड करत का होईना, देतात. डिझेल-पेट्रोलची टाकी मनालीतच गच्च भरा, त्यानंतर या वाटेवर पंप थेट काझाला. मोबाईलच्या रेंजचा भरवसा ग्राम्फूपासून, म्हणजे काझाचा फाटा फुटतो तिथून, पुढे सोडूनच द्यायचा.

नाल्याशी पोचल्यावर आधी गाडी बंद करून खाली उतरायचं. पाण्याच्या काठाला एक दगड ठेवायचा आणि दहा मिनिटं बघायचं: दगड बुडाला तर पाणी चढतंय. रंग नितळ असेल तर तळ दिसतो. राखाडी झालं की वरून गाळ सुटलाय. आणि कान द्यायचा. पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर कोणी कितीही "हो जायेगा सर" म्हणो, गाडी घालायची नाही. पाणी जिथे पसरट आणि खळखळतं तिथे ते उथळ असतं. जिथे अरुंद, गुळगुळीत दिसतं तिथे खड्डा. दरीकडची कड खालून पोखरलेली असते, तिच्यापासून लांब राहायचं.

पुढची गाडी पलीकडे पूर्ण चढल्याशिवाय आपली उतरवायची नाही. पहिला गिअर, अॅक्सिलरेटर एकसारखा, क्लचवर पाय नाही, मध्ये थांबणं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलेलं असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी दोराने ओढण्यावर भागत नाही, इंजिनच खोलावं लागतं. बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करायचे, कारण पुढचा उतार तुमची वाट बघत नाही. बुलेटवाल्यांनी मागच्याला उतरवावं. मागच्याने अनवाणी पाण्यात शिरू नये: मिनिटभरात पाय बधिर होतात आणि दगड कापतात ते कळतही नाही. पट्ट्याच्या जुन्या सँडल बऱ्या.

बाकी छतडू ते बातल हा रस्ता हाडं खिळखिळी करतो, एवढंच. बातलच्या ढाब्यात राजमा-चावल गरम मिळतो आणि तिथला पाहुणचार मनालीच्या स्वागतकक्षातल्या हसण्यापेक्षा कितीतरी खरा वाटतो. पुढची कुंझूम खिंड 4551 मीटर. तिथे दुपारचा वारा टोपी नेतो.

खराखुरा पाऊस बोगद्यापलीकडे पोचला तर मात्र गणितच बदलतं. झाडं नाहीत, मुळं नाहीत, उतारभर सुटा मुरूम. आपल्या घाटमाथ्यावर ज्या सरीकडे कोणी मान वर करून बघणार नाही, ती इथे रस्ता बंद करते. घरांची सपाट मातीची छपरंही बर्फ लोटून टाकण्यासाठी आहेत, झडीसाठी नाहीत. जुलै 2023 मध्ये मॉन्सून आणि पश्चिमी विक्षोभ एकत्र आले तेव्हा कुंझूमजवळच्या चंद्रताल तळ्यापाशी सुमारे 290 पर्यटक कित्येक दिवस बर्फात अडकून पडले, आणि त्याच वेळी खाली बियास नदीने मनालीचा रस्ता तोडला होता.

म्हणून हवामान खात्याचा अंदाज बघताना फक्त लाहौल-स्पिती जिल्हा बघून चालत नाही. कुल्लू आणि मंडीही बघायचे, कारण परतीची वाट तिथूनच आहे आणि औट–पंडोह–मंडी हा पट्टा पावसाळ्यात कधी बंद पडेल याचा नेम नाही. चंदीगडहून त्याच संध्याकाळचं विमान ठेवणाऱ्यांच्या धाडसाला माझा दुरून नमस्कार. शेवटची रात्र हा पट्टा ओलांडून, मंडीच्या खाली सुंदरनगरला काढावी. ट्रकांचे हॉर्न रात्रभर चालू असतात, जेवण यथातथाच. तरी खोली तिथलीच घ्यावी.