डेसमंडला काय दिसत नव्हतं

भविष्य दिसायला लागल्यावर डेसमंड ह्यूमने केलेलं पहिलं शहाणपणाचं काम म्हणजे गोल्फची काठी मागून आणणं. विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधला हा प्रसंग. आधी तो बेटावरच्या क्लेअर या तरुण आईला समजावून बघतो, की तुझ्या तंबूचं छत नीट करून देतो, तासा-दोन तासांसाठी बाळाला घेऊन दुसरीकडे जा. ती ऐकत नाही, तिच्यावर जीव असलेला चार्लीही त्याला वाटेला लावतो. मग हा गडी पडक्या सामानातून एक उंच खांब उभा करतो आणि टोकाला ती काठी बसवतो. काही वेळाने पाऊस कोसळतो आणि वीज तंबूवर न पडता नेमकी त्या खांबावर पडते.

मालिकेतल्या सगळ्या धुराच्या राक्षसांपेक्षा हा खांब जास्त आवडावा असा आहे. इथे भविष्य कळलेला माणूस डोळे मिटून बसत नाही की कुणाला उपदेश करत नाही. वीज उंच, टोकदार गोष्टीवर सहसा आधी पडते एवढं शाळेतलं विज्ञान तो वापरतो. आणि तरीही सुटका नाही. डेसमंडला दिसत होतं ते चार्लीचं मरण, आणि ते चार्लीच्या पाचवीलाच पुजलेलं. पुढे क्लेअर समुद्रात बुडताना दिसते. तिला काढायला चार्ली गेला असता तर तोच बुडाला असता, म्हणून डेसमंड आधीच धावतो. मग समुद्रपक्षी पकडायच्या नादात चार्ली खडकांवर मान मोडून घेणार असतो. मग जंगलातल्या सापळ्यातला बाण त्याच्या गळ्यात घुसणार असतो. चारदा मरण टळतं, पाचव्यांदा नाही.

याचा नियम सांगते ती एलोइज हॉकिंग, अंगठ्यांच्या दुकानातली ती कडक बाई. लाल बुटांचा एक माणूस रस्त्यावर बांधकामाच्या परांचीखाली सापडून मरतो आणि तिला ते आधीच माहीत असतं. सावध का केलं नाहीस, असं डेसमंड विचारतो. तिचं उत्तर असं, की आज वाचवला असता तर उद्या टॅक्सीखाली आला असता, टॅक्सीपासून वाचवला असता तर न्हाणीघरात घसरून पडला असता. विश्व आपला मार्ग दुरुस्त करून घेतं. आपल्याला हे नवीन नाही. परीक्षित राजाने एका खांबावर महाल बांधला, पहारे बसवले, आणि तक्षक बोरातली अळी होऊन आत गेला. फरक एवढाच, की परीक्षिताला सात दिवसांची मुदत स्पष्ट सांगितलेली होती. डेसमंडला तारीखच कळत नाही. तो एकदा मनाने आपल्याच भूतकाळात परत जातो, तेव्हा तिथल्या पबमध्ये छातीठोकपणे सांगतो, की आता हरणारा संघ शेवटच्या दोन मिनिटांत सामना फिरवेल आणि मग जिमी लेनन क्रिकेटची बॅट घेऊन आत येईल. काहीच घडत नाही, सगळे हसतात. दुसऱ्या रात्री सामनाही फिरतो आणि बॅटही येते, ती डेसमंडच्याच डोक्यात. आठवण खरी होती, दिवस चुकला होता.

‘लॉस्ट’मधल्या सगळ्याच भाकितांची मेख इथे आहे. चित्र बहुतेक वेळा खरं असतं, गडबड होते ती वाचण्यात. आणि वाचणारा नेहमी आपल्या सोयीचा कोपराच वाचतो.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण जॉन लॉकचं, बेटावर आल्यावर पुन्हा चालू लागलेल्या अपंग माणसाचं. पहिल्या सीझनमध्ये त्याला स्वप्न पडतं. त्यात एक छोटं विमान जंगलात कोसळतं, लॉक पुन्हा व्हीलचेअरवर असतो, आणि रक्ताने माखलेला त्याचा तरुण साथीदार बून एकच वाक्य बडबडत असतो, की थेरेसा जिन्यावरून वर पडते, थेरेसा जिन्यावरून खाली पडते. सकाळी लॉक बूनला ते वाक्य ऐकवतो. बून हादरतो, कारण थेरेसा ही त्याच्या लहानपणची आया. त्याच्या हट्टापायी वर-खाली करताना जिन्यावरून पडून मेलेली. लॉकला पुरावा मिळतो आणि दोघं विमान शोधायला निघतात. विमान सापडतं, झाडांच्या शेंड्यात अडकलेलं. लॉकचे पाय नेमके तेव्हा निकामी होतात, म्हणून बून चढतो. त्याच्या वजनाने विमान सरकतं आणि त्याला घेऊनच खाली येतं. बून मरतो.

आता स्वप्न पुन्हा पाहा. रक्त होतं, कुणाचं तेही दिसत होतं. उंचावरून पडून मरणं होतं, तेही दोनदा घोकून सांगितलेलं. लॉक स्वतः चालू शकणार नाही हेही होतं. चार खुणांपैकी लॉकने विमान तेवढं उचललं, कारण त्याला बंद पडलेल्या भुयाराचं दार उघडायचं होतं आणि बेटाकडून इशारा हवा होता. थेरेसाचं वाक्य तर त्याने इशारा म्हणून वाचलंच नाही, बूनला पटवायला वापरलं. पुढे तो म्हणतो, की बून हा बेटाने मागितलेला बळी होता. नियतीवर श्रद्धा असलेल्या माणसाची ही सोय मोठी असते: चूक झाली की ती वरच्याच्या खात्यावर टाकता येते.

मॅल्किन ज्योतिषाचं प्रकरण याच्या उलट बाजूचं. तो गरोदर क्लेअरला बजावतो, की हे मूल तूच वाढवायचं, दुसऱ्या कुणी नाही. मग अचानक पलटी खातो आणि लॉस एंजेलिसमधल्या दत्तक जोडप्याकडे जा म्हणून हातात तिकीट ठेवतो. हेच विमान, दुसरं चालणार नाही. विमान पडतं आणि बेटावर मूल वाढवायला क्लेअरशिवाय कुणी उरत नाही. किती पोहोचलेला माणूस, असं वाटत असतानाच दुसऱ्या सीझनमध्ये हाच मॅल्किन पुढे बेटावर येणाऱ्या एको या धर्मगुरूला सांगतो, की मी भोंदू आहे, लोकांची माहिती काढून पैसे कमावतो. मालिकेने ही गाठ कधी सोडवली नाही, आणि ते बरंच झालं. खरा ज्योतिषी फार कंटाळवाणा असतो.

पडद्यामागे मात्र नियतीची अवस्था याहून केविलवाणी होती. 22 सप्टेंबर 2004 ला एबीसी वाहिनीवर पहिला भाग आला. मूळ आराखड्यात डॉक्टर जॅक त्याच पहिल्या गोष्टीत मरणार होता. वाहिनीच्या लोकांनी हरकत घेतली आणि तो शेवटच्या भागापर्यंत टिकला. मायकेल इमर्सन या नटाला मोजक्या भागांसाठी बोलावलं होतं, त्याचा बेन लायनस हे प्रमुख पात्र झालं. एकोचं काम करणाऱ्या नटाला हवाईत राहायचं नव्हतं, म्हणून एको मेला. आणि वॉल्ट! अंगी काही शक्ती असलेला हा दहा वर्षांचा पोरगा कथेचा कणा होऊ शकला असता. पण पहिल्या सीझनमध्ये बेटावर जेमतेम 44 दिवस जातात आणि शूटिंगला जवळपास वर्ष लागतं. पोरगा भराभर उंच झाला, कथेतलं कॅलेंडर तिथेच. त्याला दूर पाठवण्यावाचून इलाज नव्हता. कथेतली तीन वर्षं ओलांडल्यावर, चौथ्या सीझनच्या शेवटी, तो पुन्हा भेटतो तेव्हा कुठे वय जुळतं.

भाकीत लिहायचं तर लिहिणाऱ्याला शेवट माहीत हवा, आणि वाहिनीची मालिका कधी संपेल हे तिच्या लेखकांनाही माहीत नसतं. मे 2007 मध्ये एबीसीने जाहीर केलं, की 2010 मध्ये मालिका संपेल. त्याच महिन्यात चार्ली मेला. या दोन गोष्टींचा संबंध जोडणं हा थोडा लॉकपणा झाला, पण तिसऱ्या सीझनचा शेवट ज्या ठामपणाने भविष्यात उडी मारतो तो ठामपणा आधीच्या भागांत नाही, हे खरं.

चार्लीचं मरण मालिकेतलं सगळ्यात नीट रचलेलं भाकीत आणि सगळ्यात सदोषही. डेसमंड त्याला सांगतो, की तू पाण्याखालच्या स्थानकात एक कळ दाबशील, पिवळा दिवा असेल, मग तू बुडशील. आणि क्लेअर व बाळ हेलिकॉप्टरमधून बेट सोडतील. वल्ह्याने डेसमंडला आडवा करून चार्ली स्वतःच उडी मारतो. खाली कळतं, की बेटावरून जाणारे संदेश अडवणारं यंत्र बंद करायचे आकडे एका गाण्याच्या चालीवर बसवले आहेत. संगीतकारच लागणार होता, आणि चार्ली रॉक बँडमधला. इतकं चपखल, की अंगावर काटा यावा. दिवा विझतो, पडद्यावर डेसमंडची प्रेयसी पेनी दिसते, सुटकेसाठी आली असं वाटलेली बोट तिने पाठवलेली नाही हे कळतं. तेवढ्यात शत्रुपक्षाचा मिखाइल बाहेरून खिडकीशी हातबॉम्ब फोडतो. चार्ली दार आतून लावून घेतो आणि ही पेनीची बोट नाही, हे तळहातावर लिहून काचेतून दाखवतो.

दाराबाहेर येऊन ते लावता आलं नसतं का, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. आलं असतं, बहुधा. पण चार्लीने पिवळा दिवा पाहिला होता. त्याच्या लेखी सौदा ठरलेला होता: आपण बुडायचं, तर क्लेअर हेलिकॉप्टरमध्ये चढणार. भाकिताने त्याला मारलं नाही, भाकितावरच्या विश्वासाने दार लावलं.

आणि क्लेअर हेलिकॉप्टरमध्ये चढलीच नाही. चौथ्या सीझनच्या शेवटी बाळ एरन केट या दुसऱ्या प्रवासी बाईच्या कडेवर बसून गेला. आई जंगलात हरवली. ती बेट सोडते ती कथेतल्या तीन वर्षांनी, मालिकेच्या शेवटच्या भागात, एका दुरुस्त केलेल्या प्रवासी विमानातून. डेसमंडने चार्लीला मरायला राजी करण्यासाठी ते हेलिकॉप्टर रचून सांगितलं, असा तर्क काहीजण लढवतात. तो पटत नाही. डेसमंड इतका पाताळयंत्री नाही. लेखकांनीच वर्षभरात बेत बदलला असणार, आणि चार्लीला कळवायची सोय राहिली नव्हती.