सोपटाचे तारे

सुरूच्या फांदीवर नाताळचा गोळा टिकत नाही. वसईत हे घरोघरी माहीत आहे, तरी दर डिसेंबरात स्टेशनाबाहेरून चमचमत्या गोळ्यांचा डबा आमच्याकडे यायचाच. संध्याकाळी लावायचे, सकाळी निम्मे लादीवर.

आमचा ख्रिसमस ट्री म्हणजे सुरूची फांदी. माझ्या माहेरीही तेच होतं आणि इथे सासरीही तेच आहे. बादलीत वाळू भरायची, फांदी खोचायची, बादलीला क्रेप कागद गुंडाळायचा. युरोपातल्या स्प्रूस आणि फरच्या फांद्या आडव्या आणि ताठ असतात, त्यांना ओझं पेलवतं. सुरूचं तसं नाही, त्याचं सगळं अंग खाली ओघळलेलं. आपण ज्यांना पानं म्हणतो त्या खरं तर हिरव्या, पेरापेरांच्या काड्या असतात आणि खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावरचे इवलेसे खवले. लहानपणी आम्ही ती काडी पेरावर तोडून परत जोडायचो आणि समोरच्याला विचारायचो, "सांग, कुठं जोडलंय?" असल्या झाडाला गोळ्याचा आकडा अडकवायचा तरी कुठे?

गोळ्यांवर माझा राग नाही. जर्मनीत थुरिंगियामध्ये लाउशा नावाचं गाव आहे, तिथे १५९७ पासून काचेची भट्टी. नाताळच्या झाडाचे काचेचे गोळे तिथल्या कारागिरांनी १९व्या शतकात घरोघरी फुंकून बनवले आणि आतून चंदेरी मुलामा दिला. त्यांच्या झाडाला ते शोभतात. आपल्या झाडाचं वेगळं काहीतरी पाहायला हवं, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी जर्मनीत नर्स असलेली माझी भाची सुट्टीवर आली, तेव्हा तिने एका पाकिटात घालून एक तारा आणला. राय नावाच्या धान्याच्या काडाचा. तळहाताएवढा, मधोमध लाल दोरा, बाकी नुसता काडाचा सोनेरी रंग. वजन म्हणाल तर फुंकर मारली की उडेल. तो सुरूवर अडकवला आणि फांदी जरासुद्धा वाकली नाही. मी बघतच राहिले. त्या झाडावर तेवढी एकच वस्तू त्याच झाडाची वाटत होती.

मग काय, पुढच्या आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, मी स्वतः करायला बसले. राय कुठून आणणार? शेजाऱ्यांकडून भाताचा पेंढा आणला. भाची म्हणाली होती तसं कोमट पाण्यात भिजवला, ब्लेडने उभा चिरला, उलगडून इस्त्री फिरवली. भाताचं काड बारीक, मऊ. निम्मं इस्त्रीखाली फाटलं, उरलेलं दोरा आवळताच दुमडलं. दोन संध्याकाळी गेल्या आणि हाती आला एक तारा, तोही कोळ्यासारखा दिसणारा.

माझे सासरे, आमचे बाबा, हे सगळं झोपाळ्यावरून बघत होते. त्यांचं आयुष्य फुलांत गेलं. पहाटेची लोकल, डोक्यावर मोगऱ्याची पाटी आणि दादरचा बाजार. आता एक्याऐंशीचे आहेत, बाजार सुटला, पण बोटं स्वस्थ नसतात. शेवटी न राहवून म्हणाले (म्हणाले आमच्या बोलीत, मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते), "पेंढ्याचं काय घेऊन बसलीस? सोपट घे की."

सोपट! परसात केळीची रांग उभी आणि मला सुचलं नव्हतं. केळीचा खांब म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. बाहेरचे वाळून लोंबायला लागतात ते सोपट. फुलवाल्यांचा दोरा तोच, भिजवून चिरलेला. बाबांनी एक पट्टी तांब्यातल्या पाण्यात बुडवली, थोड्या वेळाने अंगठ्याच्या नखाने तिची उभी चीर काढली आणि आतला भुसभुशीत भाग सोलून टाकला. उरली ती पातळ, रेशमासारखी पट्टी. बाहेरून तपकिरी, आतून फिकट आणि चकचकीत.

ताऱ्याला अशा चार पट्ट्या लागतात. साधारण बोटाच्या अर्ध्या रुंदीच्या, टीचभर लांब. त्यांच्यावर सुती कापड ठेवून मंद इस्त्री करायची. जास्त तापली तर रंग गडद होतो, पण ते मुद्दाम करून दोन छटाही काढता येतात. दोन पट्ट्यांचा अधिक, त्यावर दुसरा अधिक तिरका. झाली आठ टोकं. आता मध्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबायचा आणि तो काही झालं तरी उचलायचा नाही. दोरा वरच्या अधिकाच्या टोकावरून, खालच्या अधिकाच्या टोकाखालून, परत वरून, परत खालून, असा एक फेरा. आवळला की चारही पट्ट्या एकमेकींना धरतात. मागे गाठ, मग कात्रीने टोकांना माशाच्या शेपटीसारखा काप. गोंद अजिबात नाही. असले दोन तारे एकमेकांवर फिरवून बांधले की सोळा टोकांचा होतो, पण तिथे माझा अंगठा अजून दगा देतो.

हौसेने मी आजेसासूबाईंच्या फाटक्या लाल लुगड्याची जरतार उसवून तिने बांधायला गेले. दिसायला सुंदर, पण जरतार गुळगुळीत, गाठ धरेना. तिसऱ्या ताऱ्याला नाद सोडला आणि शिलाई मशीनचं लाल रीळ काढलं. कुणी चमकी लावायला सुचवलं की मी ऐकू न आल्यासारखं करते. सोपटाला स्वतःची झळाळी आहे, संध्याकाळी दिवा लागला की कळते.

पहिल्या वर्षी अठरा तारे झाले. जानेवारीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवले आणि विसरले. वसईचा पावसाळा. नोव्हेंबरात पिशवी उघडली तर सगळ्यांवर हिरवी-काळी लव आणि ओल्या तळघराचा वास. सगळे शेकोटीत गेले. मी हळहळत होते, तर बाबा म्हणाले, "फुलं कधी वर्षभर ठेवतो का आपण?" पटलं, पण पूर्ण नाही. आता दोन दिवस कडक उन्हात वाळवते, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ठेवते आणि गणपतीच्या सुमारास एकदा ऊन दाखवते. गेल्या वर्षीचे बावीसपैकी वीस टिकले.

यंदा बाबांनीही केले. त्यांना माझी इस्त्री, मोजमाप मान्य नाही. पट्ट्या ओल्याच घेतात आणि दोऱ्याऐवजी सोपटानेच बांधतात. गजऱ्यासारखा एक पीळ दिला की झालं, गाठसुद्धा मारत नाहीत. वाळताना तारे थोडे वळतात, टोकं पुढे येतात आणि चाफ्याच्या फुलासारखे दिसतात. झाडासमोर उभं राहिलेल्या पाहुण्यांचा हात पहिल्यांदा त्यांच्याच ताऱ्याकडे जातो, हे मी काहीशा जळफळाटाने नोंदवते.

चोवीसच्या रात्री चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलो तर झाडाखाली हिरव्या काड्यांच्या तुकड्यांचा सडा. बाबा थंडीमुळे आले नव्हते, धाकटा नातूही झोपेच्या नावाखाली त्यांच्यासोबत घरीच राहिला होता. दोघं टक्क जागे. बाबांनी एक काडी माझ्यासमोर धरली.

"सांग, कुठं जोडलंय?"

मी तिसऱ्या पेराकडे बोट दाखवलं. नातू खदखदून हसला. काडी तुटलेलीच नव्हती.