रबराच्या नळीवरचा हूक

"काका, स्प्रिंगा तर मीच आणल्यात. तुम्हाला नुसत्या बसवायच्या आहेत. मग मजुरी स्प्रिंगांपेक्षा जास्त कशी?"

पंचविशीतला मुलगा. गाडी स्वच्छ ठेवलेली, चारी टायर नीट, सर्व्हिसची वही भरलेली. अशा गिऱ्हाइकाचा मला राग येत नाही. त्याला गाडी खाली बसवायची होती, पुढून 35 आणि मागून 30 मिलिमीटर. निदान त्याने जुन्याच स्प्रिंगा ग्राइंडरने कापून द्या म्हटलं नव्हतं. तसं म्हणणारे महिन्याला एक-दोन येतातच आणि त्यांना मी बाहेरचा रस्ता दाखवतो. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत नीट बसत नाही, आणि गॅसने तापवून खाली बसवली तर पोलादाचं पाणीच उतरतं. हे काम करून देणारेही आमच्याच धंद्यातले आहेत याची मला लाज वाटते.

त्याच्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला लागलो आणि नेहमीसारखा अडखळलो. माउंटिंगचं बेअरिंग, बुश, अलाइनमेंट, ही नावं ऐकून समोरच्याला वाटतं की हा बिल वाढवतोय. म्हणून त्या दिवशी मी म्हणालो, "आज सुट्टी आहे ना तुला? मग थांब. दिवसभर माझ्याशेजारी उभा राहा आणि संध्याकाळी तूच सांग मजुरी जास्त आहे का." तो थांबला. त्याला थांबवणं हीच माझी पहिली चूक होती का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

मागची बाजू सोपी गेली. त्याच्या गाडीला मागे आडवा बीम आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, ब्रेकच्या होजला ताण बसू न देता बीम जॅकवर हळूहळू खाली सोडायचा, की जुनी स्प्रिंग हातात येते. पाऊण तासात दोन्ही झाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. 'एवढंच?' हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पुढे मात्र स्प्रिंग स्ट्रटवर, म्हणजे चाकाला जोडलेल्या उभ्या शॉकअपवरच, चढवलेली असते, म्हणून अख्खा स्ट्रट उतरवावा लागतो. चाक काढा, ब्रेकच्या होजचा आणि एबीएसच्या वायरचा क्लिप सोडवा, मग लिंक रॉड, म्हणजे स्ट्रटला जोडलेली बारीक सळई. या लिंक रॉडच्या नटाने माझं जितकं आयुष्य खाल्लं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. नट फिरवला की आतला बॉलजॉइंटही त्याच्याबरोबर फिरतो. तो धरायला टोकाला एलन कीचं षटकोनी भोक असतं, आणि सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत ते भोक चिखलाने आणि गंजाने बुजलेलं असतं. सुईने कोरून साफ करायचं, तेल सोडून थांबायचं, मग एलन की हातोडीने हलकेच ठोकून बसवायची. घाई केली की भोक गोल होतं, आणि मग रॉड कापून नवा घालण्यावाचून गत्यंतर नसतं. उजव्या बाजूला याच एका नटाला चाळीस मिनिटं गेली. मुलगा मोबाइल बघत होता. मजुरी जाते ती अशाच चाळीस मिनिटांत, पण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

उजवा स्ट्रट व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, धरून मी स्वतः उघडला. स्प्रिंग दाबायचं आमचं हत्यार म्हणजे दोन लांब आट्यांचे दांडे, प्रत्येकाला वर-खाली दोन हूक. दोन्ही दांडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एका बाजूला जास्त आवळलं की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. वरचा मधला नट शेवटी सोडायचा, तोही स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने सैल हलायला लागल्यावरच. तोवर त्या नटाला पानासुद्धा लावायचा नाही, हा माझा नियम आहे. जुनी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला अडीच किलोचा जोर लागतो असं धरलं, तरी 150 मिलिमीटर दाबलेली स्प्रिंग पावणेचारशे किलोंच्या जोराने परत यायला बघत असते. नट आधी निघाला तर वरचं माउंटिंग, म्हणजे स्ट्रट गाडीला जोडणारा भाग, बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं.

हे सगळं मी मुलाला सांगत होतो. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी ऐकून घेत होतं, आणि मला ते आवडत होतं. उजवी बाजू झाल्यावर तर मी त्याला जुन्या माउंटिंगचं बेअरिंग हातात देऊन फिरवायला लावलं. ते खरखरत होतं. "हे आता नाही बदललं तर दोन महिन्यांनी याच एका बेअरिंगसाठी हे सगळं काम पुन्हा करावं लागेल," म्हटलं. ते त्याला पटलं. शॉकअपही बदल म्हणालो, कारण आखूड, ताठ स्प्रिंगेखाली थकलेला शॉकअप फार दिवस काढत नाही. ते मात्र तो नको म्हणाला.

मी बोलत असताना डावा स्ट्रट आमच्या हेल्परने व्हाइसमध्ये धरला आणि दांडे लावले. मी तिकडे पाहिलं होतं. नजर गेली होती एवढं नक्की. या गाडीच्या स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या कॉइलवर रबराची नळी चढवलेली असते, कॉइल बैठकीवर आपटून आवाज होऊ नये म्हणून. पोराने एका दांड्याचा खालचा हूक त्या नळीवर लावला होता. शिवाय त्याच हुकाची अडकवायची पिन गेले कित्येक महिने हरवलेली होती. भिंतीवर बसवायचं स्प्रिंग दाबायचं यंत्र घेऊ या, असं मी मालकांना तीनदा सांगितलं होतं. पण पिन तर मी स्वतःही आणू शकलो असतो.

मुलगा मोबाइल घेऊन पुढे वाकला. हुकाचा जवळून फोटो हवा होता त्याला. फोटो काढून तो मागे झाला आणि माझ्याकडे वळून काहीतरी विचारायला लागला. तेवढ्यात आवाज झाला.

तसा आवाज मी याआधी एकदाच ऐकला होता, शिकाऊ असताना. हूक नळीवरून सटकला, अख्खा दांडा उडाला आणि बाकाखालच्या पत्र्याच्या कपाटावर आदळला. कपाटाच्या दाराला बोटभर खोल पोचा पडला. स्प्रिंग एका बाजूला फुगून वाकडी झाली, पण जागेवरच राहिली, कारण वरचा नट घट्ट होता. मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, एवढं तरी पोराने पाळलं होतं.

हेल्परला काही झालं नाही. तो दांड्याच्या मागच्या बाजूला होता. मुलाचं डोकं पाच-सात सेकंदांपूर्वी जिथे होतं, तिथून तो दांडा गेला होता.

कोणीच काही बोललं नाही. दोघांनाही मी बाहेर जाऊन पाणी प्यायला सांगितलं. उरलेला दांडा लांब पान्याने, आडोशाला उभं राहून, पाव-पाव फेरा सोडत मोकळा केला. दुसऱ्या डब्यातला पिनवाला जोड शोधला, चारही हूक उघड्या कॉइलवर लावले आणि पुन्हा सुरुवात केली. पोरावर ओरडलो नाही. मी त्याचं काम बघत नव्हतो, बिलाचं समर्थन करत होतो.

पुढचं काम मी अतिशय मन लावून केलं. नवी स्प्रिंग आखूड असल्यामुळे जवळजवळ हातानेच बसते. तिचं टोक बैठकीच्या खाचेला भिडलंय का, हे मी बोट घालून पाहिलं. नंतर ते काम, ज्याचा मला खरा अभिमान आहे आणि जे बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. खालच्या आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या दांडीचे, बोल्ट आम्ही काढलेलेही नव्हते, तरी सैल केले. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी त्या कोनात पकडली जाते आणि पुढे आर्म हलला की रबराला पीळ बसतो. गाडी आता कायमची खाली राहणार, म्हणजे आर्मचा नेहमीचा कोनच बदलला. जुन्या कोनात आवळलेलं रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं आणि वर्ष-दीड वर्षात फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि चाकांवर वजन असतानाच खाली झोपून टॉर्क रेंचने बोल्ट आवळायचे. अर्धा तास लागतो. ते केलं की नाही, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

मग अलाइनमेंट. गाडी खाली आली की चाकं वरून आत कलतात आणि त्यांची सरळ रेषेतली दिशा, म्हणजे टो, तीही बिघडते. तसंच सोडलं तर टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने खाल्ले जातात. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली आल्यामुळे दिव्यांचा झोत रस्त्यावर जवळ पडत होता, तोही लावला. या सगळ्या वेळात मुलगा बाहेर बाकावर बसून होता. आत आलाच नाही.

संध्याकाळी बिल दिलं. बेअरिंगं, नवे नट आणि मजुरी मिळून रक्कम सकाळी सांगितली त्याहून थोडी जास्तच होती. त्याने एक अक्षर न काढता पैसे दिले आणि म्हणाला, "आता कळलं काका एवढे पैसे का पडतात. जिवावरचं काम आहे हो हे."

मी मान हलवली आणि पैसे घेतले.

हे गेले तीन आठवडे मला सोडत नाही. त्याने जे पाहिलं ती कामाची अवघड बाजू नव्हती, ती आमची हलगर्जी होती. हूक नीट लावला, पिन जागेवर असली, तर त्या कामात जिवावर बेतण्यासारखं काही नाही. पैसे होते त्या चाळीस मिनिटांच्या नटाचे, गाडीखाली झोपून आवळलेल्या बोल्टांचे. ते त्याने पाहिलंच नाही. तेव्हाच 'चूक आमची होती' म्हणायला हवं होतं. दोनदा तोंडाशी आलंही होतं. पण सकाळपासून ज्या बिलासाठी एवढं बोललो ते तो निमूट देत होता, आणि मी गप्प राहिलो.

परवा त्याचा एक मित्र आला. त्यालाही गाडी खाली बसवायची आहे. त्याने भाव विचारलाच नाही. "तुमच्याकडे किती धोक्याचं काम चालतं ते त्याने सांगितलंय, तुम्ही म्हणाल ते देतो," म्हणाला. मी त्याला कपाटाच्या दाराचा पोचा दाखवला आणि रबराच्या नळीचं, पिनेचं, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "बघतो, फोन करतो," म्हणून गेला. अजून फोन आलेला नाही.

पहिला मुलगा शनिवारी येणार आहे. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा बघायला मीच बोलावलंय त्याला. नव्या पिना आणून लावल्या आहेत. कपाटाचं दार मालक ठोकून सरळ करून घेणार होते. शनिवारपर्यंत तसंच राहू द्या म्हटलं त्यांना.