सोंग एकाचं, रडायचं दुसऱ्यानं

आमच्या खानापूर साईडला डोक्याला कावळा शिवला की म्हातारी माणसं अजून दचकतात. डोक्यावरनं आंघोळ, देवाला दिवा हे झालंच, पण खरा उतारा वेगळाच, लांबच्या पाव्हण्याला निरोप धाडायचा की अमका गेला. चक्क खोटं! तिकडं कोणतरी धाय मोकलून रडलं की इकडचं मरण टळलं, आणि मग मागोमाग दुसरा निरोप, काय नाही ओ, कावळा शिवला होता. शेजारच्या कन्नड घरांतनंही हे चालायचं. यात अट एकच, रडणाऱ्याला खरं काय ते माहीत असता कामा नये, नुसतं रडल्यासारखं केलं तर चालत नाही.

माझ्या मामाच्या वेळी असा निरोप निपाणीकडच्या मावशीला गेला होता. दुसरा निरोप पोचायच्या आत मावशी मिळंल ती बस धरून निघाली, वाटभर रडून घसा बसलेला, आणि दारात येऊन बघते तर मामा कट्ट्यावर भडंग खात बसलाय. तिनं हातातली पिशवी त्याच्या अंगावर फेकली, "जिवंत हाईस व्हय रे मुडद्या!" म्हणाली आणि तिथंच खाली बसून परत रडायला लागली. हा किस्सा आमच्यात प्रत्येक लग्नात निघतो, सगळे पोट धरून हसतात, मावशी तेवढी उठून आत जाते. आता व्हॉट्सॲपच्या काळात तर हे करूच नका, तुम्ही डिलीट करेपर्यंत चौकात फोटोसकट श्रद्धांजलीचा डिजिटल बोर्ड लागलेला असतो.

मेल्याचं सोंग म्हटलं की सगळ्यांना सोंग घेणाराच हुशार वाटतो. हितोपदेशातलं हरीण बघा, जाळ्यात पोट फुगवून, पाय ताठ करून पडतं, दोस्त कावळा (इथंपण कावळाच!) डोळे टोचल्यासारखं करतो, शेतकरी फसतो आणि जाळं सोडतो, कावळा ओरडला की हरीण पसार. पण तिथं फसणारा शत्रू आहे. आग्र्याहून सुटल्यावर शिवाजी महाराजांनी 1666 साली संभाजीराजांना मथुरेत ठेवलं आणि पोर वाटेत वारलं अशी आवई उठवली, तेव्हाही फसवायचं होतं ते मोगलांना, म्हणून ते पटतं.

शेरलॉक होम्सचं मला कधीच पटलं नाही. 1893 च्या गोष्टीत धबधब्यात पडून मेला, वाचकांनी लय दंगा केला, दहा वर्षांनी लेखकानं परत आणला तर म्हणे मेलोच नव्हतो. गोष्टीतली तीन वर्षं खरं फक्त भावाला माहीत आणि त्याचा बिचारा दोस्त वॉटसन दुःख करत बसलेला! समोर होम्स उभा बघून तो चक्कर येऊन पडतो, शुद्धीवर आल्यावर रागावतसुद्धा नाही. आमच्या मावशीनं पिशवी तरी मारली.

खऱ्या जगात तर ह्याच्यापेक्षा वाईट. इंग्लंडचा जॉन डार्विन 2002 ला छोटी होडी घेऊन समुद्रात गेला आणि गायब. कर्ज झालेलं, विम्याचे पैसे पाहिजे होते. गेला कुठं होता तर स्वतःच्याच घराशेजारच्या खोलीत, दोन्हीच्या मधल्या भिंतीला भोक, आणि भोकापुढं कपाट! बायकोला सगळं माहीत. दोन पोरं मात्र बाप बुडाला म्हणून रडतायत, आई त्यांचं सांत्वन करत्या आणि बाप भिंतीपलीकडं, विचार करा जरा. 2007 मध्ये लंडनच्या पोलिस स्टेशनात गेला, म्हणाला मला काहीच आठवत नाही, पण नवराबायकोचा पनामातला हसरा फोटो इंटरनेटवर सापडला आणि खेळ खलास. दोघांना सहा वर्षांच्या वर शिक्षा झाली, त्यातही बायकोला नवऱ्यापेक्षा थोडी जास्तच. मला विचाराल तर बरोबरच झालं, पोरांच्या डोळ्यात बघून खोटं ती बोलत होती.

2024 च्या फेब्रुवारीत मॉडेल पूनम पांडे कॅन्सरनं गेली म्हणून तिच्याच अकाउंटवर पोस्ट आली आणि दुसऱ्या दिवशी ती हजर, म्हणे लोकांना जागरूक करायचं होतं. ज्यांच्या घरात त्याच आजारानं खरंच कोणी गेलंय त्यांना काय वाटलं असेल ते तिलाच ठाऊक.

आणि केरळचा सुकुमार कुरूप, त्याला तर सोंगासाठी प्रेतच लागलं. 1984 साली विम्याच्या पैशासाठी एका अनोळखी माणसाला लिफ्ट दिली, मारलं, ॲम्बेसेडर गाडीत घालून जाळलं आणि मेलेला तो मीच असं भासवलं. पोलिसांनी ओळखलं, साथीदार पकडले, कुरूप मात्र आजतागायत सापडलेला नाही. त्या लिफ्ट घेणाऱ्याच्या घरी मात्र दुसरा निरोप आलाच नाही.